खोट्या शब्दांचे खरे भाषांतर

खरे बोलणाऱ्या माणसाचे भाषांतर करणे फारसे अवघड नसते. दोन्ही भाषांवर बऱ्यापैकी हुकमत असली, कोश हाताशी असला आणि थोडी चिकाटी असली म्हणजे काम निभावते. खरी अडचण येते ती खोटे बोलणाऱ्याचे भाषांतर करताना. तो मनात एक धरतो आणि ओठांवर दुसरेच आणतो. मग भाषांतरकाराने उचलायचे काय? ओठांवरचे उचलावे तर वाचक फसतो. मनातले उचलावे तर मूळ कागदाशी बेइमानी होते. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत जर्मनीत जी राजकीय भाषा घडली, ती इंग्रजीत नेणाऱ्यांपुढे हा पेच पदोपदी उभा राहिला. त्या पेचाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की, मी जर्मन भाषेचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हिटलरच्या जर्मनीविषयी जे वाचले ते इंग्रजीतून, आणि अडले तेथे जर्मन-इंग्रजी कोश उघडून. पण आपल्याकडच्या बहुतेक वाचकांची स्थिती हीच आहे. तो इतिहास मराठीत आला तो बहुतांशी इंग्रजीच्या दाराने. तेव्हा त्या दारावर उभ्या असलेल्या माणसांनी काय आत सोडले आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवले, याची चौकशी करण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयापासून सुरुवात करू. २० नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे नाझी पुढाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. कामकाज इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत चाले. प्रत्येकाच्या कानाला यंत्र लावलेले. आणि काचेआड बसलेले दुभाषे बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याचे बोलणे पुरे होण्याची वाट न पाहता, ते आपापल्या भाषेत सांगत. बोलणारा घाई करू लागला की पिवळा दिवा लागे. अगदीच थांबणे भाग पडले की तांबडा. जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा आपल्या मराठीसारखे शेवटी येते. इंग्रजी दुभाष्याच्या हाती कर्ता आला, कर्म आले, तरी त्या कर्माचे पुढे झाले काय, त्याला वाचवले की मारले, हे कळण्यासाठी त्याला वाक्याच्या टोकापर्यंत श्वास रोखून धरावा लागे.

मार्च १९४६ मध्ये गोअरिंगची उलटतपासणी झाली. ती घेणारे जॅक्सन हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि या खटल्यातले अमेरिकेचे प्रमुख फिर्यादी वकील. त्यांनी १९३५ च्या जून महिन्यातला एक गुप्त कागद पुढे केला. त्यात ऱ्हाइनच्या संबंधात 'फ्रायमाखुंग' असा शब्द होता आणि इंग्रजी भाषांतरात त्याची 'मुक्ती' झाली होती. व्हर्सायच्या तहाने ऱ्हाइन प्रांतात जर्मन सैन्य ठेवण्यास बंदी होती आणि हिटलरने मार्च १९३६ मध्ये तेथे सैन्य घुसवले. तेव्हा त्याच्या आधीच्याच वर्षी 'ऱ्हाइनच्या मुक्तीची' तयारी चालली होती, असा कागदच मिळाल्याचे जॅक्सन यांना वाटले. गोअरिंगने शांतपणे सांगितले की, येथे गोष्ट ऱ्हाइन प्रांताची नसून ऱ्हाइन नदीची आहे. युद्धाची वेळ आली तर नदीतली जहाजे हलवून पात्र मोकळे करावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. आणि या एका मुद्द्यावर तो खरा होता!

मराठी माणसाला हा घोटाळा समजायला वेळ लागू नये. चौकातला पोलीस 'रस्ता मोकळा करा' म्हणतो, आणि १९६१ पूर्वी आपले सत्याग्रही 'गोवा मुक्त करा' म्हणत. मोकळे करणे आणि मुक्त करणे यांत जे अंतर आहे ते त्या भाषांतरकाराच्या नजरेतून निसटले. परिणाम असा झाला की, ज्याच्यावर लाखो माणसांच्या हत्येचा आरोप होता, त्याने फिर्यादीला त्याच्याच कागदावर खोटे पाडले. जॅक्सन संतापले, आणि आरोपीला घटकाभर पंडिताचा आव आणता आला. गुन्हेगाराच्या तोंडी त्याने न बोललेला गुन्हा घातला की त्याने बोललेला गुन्हाही संशयात सापडतो.

त्याच उलटतपासणीत गोअरिंगने ही युक्ती पुन्हा करून पाहिली. ३१ जुलै १९४१ रोजी त्याने हायड्रिखला एक पत्र धाडले होते. त्यात 'ज्यू प्रश्ना'च्या उत्तराची सर्व पूर्वतयारी करण्याचा अधिकार दिला होता. भाषांतरात 'अंतिम उत्तर' असे शब्द होते. गोअरिंग म्हणाला, मूळ शब्द 'गेझाम्टलोझुंग' म्हणजे 'संपूर्ण उत्तर' असा आहे; 'अंतिम' नव्हे. पत्राच्या आधीच्या भागात तो शब्द खरोखरच तसा आहे. पण पत्राच्या शेवटी 'एंडलोझुंग' हाही शब्द आहे, आणि त्याला 'अंतिम उत्तर' यावाचून दुसरा अर्थ नाही. 'लोझुंग' हा तसा पाहिला तर शाळेतला शब्द. गणिताचे उत्तर ते लोझुंग, रसायनाच्या तासाला मिठाचे द्रावण तेही लोझुंग. जिवंत माणसांना आधी 'प्रश्न' म्हणावयाचे आणि मग त्यांचे 'उत्तर' काढावयाचे! या शब्दात भयंकर असे काहीच दिसत नाही. भयंकर आहे ते एवढेच.

एप्रिल महिन्यात रोझेनबर्गची पाळी आली. हा नाझी पक्षाचा तत्त्वज्ञ. त्याच्या लिखाणात 'आउसरोटुंग' हा शब्द आला होता. फिर्यादी पक्षाने त्याचा अर्थ संहार असा लावला. रोझेनबर्ग वाद घालू लागला की, या शब्दाला अनेक छटा आहेत. एखाद्या कल्पनेचे, एखाद्या अर्थव्यवस्थेचेही आउसरोटुंग करता येते.

हा बचाव ऐकून आपण हसू नये, कारण मराठीतही तो उभा राहील. 'निर्मूलन' हा आपला शब्द पाहा. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, अंधश्रद्धेचे निर्मूलन व्हावे असे आपण म्हणतो, आणि दोन्ही ठिकाणी तो शब्द पुण्यकारकच आहे. पण ज्या क्षणी निर्मूलनाच्या मागे माणसांच्या समूहाचे नाव येते, त्या क्षणी तो शब्द दुसरा होतो. अर्थ एकट्या शब्दात नसतो. त्याच्या षष्ठीत असतो. कशाचे निर्मूलन, कोणाचे निर्मूलन? भाषांतरकाराने कोशाआधी ही विभक्ती पाहावी.

या शब्दाचा निकाल खुद्द हिमलरनेच करून ठेवला होता. ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन येथे त्याने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे गुप्त भाषण केले. त्याचे ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. त्यात ज्यूंच्या 'स्थलांतरा'चा उल्लेख करून, आपल्याला काय म्हणावयाचे आहे ते स्पष्ट करताना, त्याने लगेच 'आउसरोटुंग' हा शब्द उच्चारला. आणि पुढे प्रेतांच्या राशींविषयी बोलला. म्हणजे त्या राजवटीच्या एका सोज्ज्वळ शब्दाचे भाषांतर तिच्याच एका धन्याने, जर्मनमधून जर्मनमध्ये, करून दिले. असा कोश इतिहासात क्वचितच सापडतो.

पण प्रत्येक शब्दासाठी असा दयाळू कोशकार भेटत नाही. 'शुट्सहाफ्ट' हा शब्द घ्या. 'शुट्स' म्हणजे संरक्षण आणि 'हाफ्ट' म्हणजे कैद. संसदेच्या इमारतीला आग लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, एक वटहुकूम निघाला आणि त्याच्या आधाराने हजारो राजकीय विरोधकांना चौकशीविना 'संरक्षक कैदेत' टाकण्यात आले. डाखाउची छावणी त्याच मार्च महिन्यात उघडली. इंग्रजीत हा शब्द अक्षरशः 'संरक्षक कैद' असाच गेला, आणि तो अगदी बरोबर आहे. फक्त संरक्षण कोणाचे आणि कोणापासून, हे शब्दात नाही.

'झोंडरबेहांडलुंग' म्हणजे 'विशेष वागणूक'. पाहुण्याला द्यावी तशी! सरकारी कागदांत त्याचा अर्थ ठार मारणे असा होता. आता इंग्रजी भाषांतरकाराने काय लिहावे? 'हत्या' असे लिहावे तर अर्थ खरा होतो, पण कागद खोटा होतो. कारण त्या कारकुनाने 'हत्या' असे लिहिलेच नव्हते. तसे न लिहिण्यातच त्या कारभाराची खरी रीत होती. हजारो टंकलेखक, रेल्वेचे अधिकारी, हिशेबनीस रोज कामावर येत आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांना जेवू घालीत, ते या सपाट शब्दांच्या आधारावर. तो सपाटपणा भाषांतरात पुसला गेला तर एवढ्या माणसांनी एवढे घोर काम निमूटपणे कसे केले, हे वाचकाला कधी कळणारच नाही.

माझ्या मते त्या पिढीच्या चांगल्या भाषांतरकारांचे मोठेपण येथे आहे. त्यांनी खोटे जसेच्या तसे नेले, आणि त्याच्या शेजारी, टीपेत, प्रस्तावनेत किंवा नुसत्या दोन अवतरणचिन्हांत, खरे ठेवले. 'विशेष वागणूक' या शब्दांभोवतीची ती दोन चिमुकली चिन्हे म्हणजे चोराच्या पुढे-मागे चालणारे दोन शिपाई होत. चोराला बाजारातून नेताना त्याच्या अंगावरचे कपडे बदलू नयेत, हे खरे. पण त्याला मोकळाही सोडू नये.

असे शब्द फार दिवस टिकत नाहीत, हीही एक मौज आहे. १९४३ मध्ये कोरहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हिमलरसाठी युरोपातील ज्यूंच्या संख्येचा अहवाल केला. त्यात 'विशेष वागणूक' हा शब्द होता. हिमलरच्या कचेरीतून कळवण्यात आले की, ज्यूंच्या बाबतीत हा शब्द कोठेही नको. त्यांना पूर्वेकडे नेले आणि छावण्यांतून पुढे पाठवले, अशा अर्थाचे लिहा. पांघरूण म्हणून आणलेल्या शब्दालाच आतला वास लागला होता. त्यावर आणखी एक पांघरूण हवे झाले. १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आइखमानवर खटला चालला, तेव्हा त्याने सांगितले की, कचेरीची भाषा हीच आपली एकमेव भाषा आहे. त्याचे न्यायाधीश जर्मन उत्तम जाणत, आणि न्यायालयातले भाषांतर चुकले की ते स्वतःच ते सुधारीत. आरोपीच्या बोलण्यातले पोकळ पोट ओळखण्यासाठी तशाच कानांची गरज होती.

काही शब्दांपुढे मात्र इंग्रजीने हात टेकले आणि ते तसेच ठेवून दिले. त्यांपैकी मुख्य 'फ्यूरर'. 'पुढारी' या अर्थाचा शब्द इंग्रजीत होताच. पण तो संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यालाही लागतो. आपला शब्द विटाळू नये म्हणून इंग्रजांनी जर्मन शब्दच वापरला, आणि पुढे आपणही तेच केले. यात एक सोय झाली आणि एक मोठी गैरसोय. जर्मन भाषेत 'फ्यूरर' हा अगदी रोजचा शब्द. डोंगरातल्या वाटाड्याला तो लागतो, आगगाडी चालवणाऱ्याला लागतो; मोटार चालवण्याच्या परवान्याला आजही तेथे 'फ्यूररशाईन' म्हणतात. मराठी वाचकाला 'फ्यूरर' म्हटल्याबरोबर राक्षस दिसतो. त्या वेळच्या जर्मन माणसाला वाटाड्या दिसत होता. राक्षसाच्या मागे आपण होऊन कोणी जात नाही, वाटाड्याच्या मागे सारे गाव जाते. शब्द भाषांतरावाचून ठेवल्यामुळे, आपण कधी असे फसलो नसतो, असे समाधान आपल्याला फुकट मिळते.

'फोल्क' या शब्दाची गत याहून बिकट. त्याचा कोशातला अर्थ लोक. पण नाझींच्या तोंडी हे लोक रक्ताने ठरत. पिढ्यान्‌पिढ्या जर्मनीत राहिलेला, जर्मनीसाठी पहिल्या महायुद्धात लढलेला ज्यू त्या लोकांत मोडत नसे. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्याचे नागरिकत्वाचे हक्कच काढून घेतले. हिटलरच्या ग्रंथाचे भाषांतर करणाऱ्या मर्फी यांनी १९३९ मध्ये आणि मॅनहाइम यांनी १९४३ मध्ये 'फोल्किश' या विशेषणासाठी इंग्रजीतल्या 'फोक' या शब्दाचा आश्रय घेतला. पण तो शब्द ऐकला की इंग्रज वाचकाला लोकगीते आणि लोकनृत्ये आठवतात! आपल्या 'लोक' शब्दाचेही तसेच. १९३४ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यांसाठी बर्लिनमध्ये जे खास न्यायालय स्थापन झाले त्याचे नाव अक्षरशः 'लोकन्यायालय'. १९४३ च्या फेब्रुवारीत झोफी शोल या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला पत्रके वाटल्याबद्दल त्याच न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि त्याच दिवशी तो अमलात आला. आपल्याकडे लोकअदालतीत शेतीच्या बांधाचे आणि अपघाताच्या भरपाईचे तंटे गोडीने मिटतात. नाव जवळजवळ एकच.

'ग्लायखशाल्टुंग' हा शब्द विजेच्या तंत्रातून आला आहे. सारी बटणे एकाच कळीला जोडावी तसा. १९३३ च्या वसंतात या नावाचे कायदे करून प्रांतांची स्वायत्तता काढून घेण्यात आली, आणि मग संघटना, वृत्तपत्रे, शाळा साऱ्यांची तीच गत झाली. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द रुळला, त्याचा सरळ मराठी अर्थ 'समन्वय' असा होतो. ज्ञानेश्वरांपासून ज्या शब्दाची थोरवी आपण गात आलो, तो शब्द येथे ठेवला तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करावी. ७ एप्रिल १९३३ चा दुसरा एक कायदा होता. त्याच्या नावात सरकारी नोकरीच्या 'पुनःस्थापने'ची भाषा होती. त्याने ज्यू आणि विरोधी मतांच्या नोकरांना, त्यात शिक्षक आणि प्राध्यापकही आले, नोकरीतून काढले. मी मास्तर असल्यामुळे या कायद्याच्या नावापाशी माझी नजर नेहमी अडते.

या सर्व शब्दांची नोंद ठेवणारा एक माणूस ड्रेस्डेनमध्ये होता. व्हिक्टर क्लेम्परर हा फ्रेंच वाङ्मयाचा प्राध्यापक. जन्माने ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्याची नोकरी गेली. पत्नी ज्यू नव्हती म्हणून जीव वाचला. रोज कानी पडणारे शब्द तो टिपून ठेवी, आणि ते कागद पत्नी एका मैत्रिणीकडे नेऊन लपवी. सापडले असते तर मरण ठरलेले. १९४७ मध्ये त्याने त्यांतून एक पुस्तक केले. त्याचे इंग्रजी भाषांतर २००० साली निघाले. 'फानाटिश' म्हणजे माथेफिरू हा एके काळचा निंदेचा शब्द त्या राजवटीत स्तुतीचा कसा झाला, हे त्याने दाखवले आहे. आपल्याकडे 'कट्टर' हा शब्द पाहा. पूर्वी वैऱ्याला लागणारा हा शब्द आता फलकांवर कार्यकर्त्यांच्या नावाआधी अभिमानाने झळकतो. क्लेम्परर असता तर त्याने वही काढली असती.

आता आपल्या दारचे. हिटलरच्या १९२५-२६ च्या ग्रंथाचे पहिले इंग्रजी भाषांतर डग्डेल यांनी केले, तेही संक्षिप्त. १९३३ मध्ये ते इंग्लंडमध्ये 'धडपड' किंवा 'संघर्ष' अशा अर्थाच्या नावाने निघाले, तर अमेरिकेत 'लढाई' अशा अर्थाच्या. मराठीत त्या ग्रंथाचे नाव झाले 'माझा लढा', आणि या नावाने तो रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगातही दिसतो. कोशाच्या दृष्टीने चूक काहीच नाही. पण 'लढा' हा मराठीत साधा शब्द राहिलेला नाही. स्वातंत्र्याचा लढा, चवदार तळ्याचा लढा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. ज्याची बाजू न्यायाची त्याच्याच झगड्याला आपण हा शब्द देत आलो. पीडिताने बलवंताशी करावयाचा तो लढा. दरोडेखोराच्या दरोड्याला आपण लढा म्हणत नाही.

नववीतल्या एका मुलाने हे पुस्तक वर्गात आणले होते. त्याने ते मन लावून वाचले होते. तो म्हणाला, "सर, ह्यांनीपण लढाच दिला ना? मग आपण ह्यांना वाईट का म्हणतो?" मुलगा हुशार होता आणि प्रश्न प्रामाणिक होता. त्याला त्या ग्रंथाने जेवढे फसवले नव्हते तेवढे मुखपृष्ठावरच्या एका मराठी शब्दाने फसवले होते. मी त्याला रागावलो नाही. फळ्यावर 'लढा' लिहिले आणि विचारले, कोणाविरुद्ध? मुले सांगू लागली: इंग्रजांविरुद्ध, निजामाविरुद्ध, सावकाराविरुद्ध. मग त्याला म्हटले, आता तुझ्या पुस्तकात शोध. तो दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "शेजाऱ्यांविरुद्ध, सर. त्यांच्याच गावात राहणाऱ्या."

त्याच धड्यात दुसरे एक वाक्य नेहमी येते: हिटलरने सत्ता बळकावली. जर्मनमध्ये याला दोन शब्द आहेत. 'माख्टएरग्रायफुंग' म्हणजे सत्ता हिसकावणे, आणि 'माख्टउबरनामे' म्हणजे सत्ता स्वीकारणे. इंग्रजी इतिहासांत बहुधा पहिल्याचेच भाषांतर आढळते. पण ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला रीतसर चॅन्सेलर नेमले, आणि आपण त्याला काबूत ठेवू अशी खात्री बाळगणारी प्रतिष्ठित मंडळी त्याच्या मंत्रिमंडळात बसली. पुढे जे घडले ते दंडुक्याने घडले, हे खरे. पण दार आतून उघडले गेले होते. 'बळकावली' म्हटले की दोष एकट्याचा होतो आणि दार उघडणारे सुटतात. 'मिळाली' म्हटले की दंडुका दिसेनासा होतो. म्हणून मी वर्गात दोन वाक्ये सांगतो: सत्ता हाती दिली गेली; आणि मग ती बळकावली गेली. परीक्षेत मुले एकच लिहितात, कारण गुण एकाच वाक्याला असतात. तरी सांगावयाचे ते मी सांगतो.

न्यूरेंबर्गच्या काचेआड बसलेल्या त्या दुभाष्यांना एक सवलत होती. बोलणारा फार घाई करू लागला तर ते पिवळा दिवा लावू शकत. आपण वाचकांनी ती सवलत आपल्यापुरती घ्यावी, असे मला वाटते. संरक्षण, समन्वय, पुनःस्थापना, निर्मूलन, लोक, लढा असे उजळ कपड्यांतले शब्द भराभर कानावर येऊ लागले की क्षणभर थांबावे आणि कोणाचे, कोणाविरुद्ध, कोणासाठी, एवढे विचारून घ्यावे. त्याला जर्मन येण्याची गरज नाही. मराठीतल्या विभक्ती नीट आल्या तरी पुरे आहे.